येत नाही, पण शिकेन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या पुंडलिकनगरात वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत जाणारी बरीच माणसं राहतात. मुलाखतीचं पत्र आलं, की त्यांची मुलं माझ्याकडे येतात, कारण माझी नोकरी एका कारखान्याच्या भरती विभागात गेली. "काका, काय विचारतील?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, "मग काय सांगायचं?" मी म्हणतो, "जे खरं आहे ते."

हे ऐकून मुलं हिरमुसतात. त्यांना तयार उत्तर हवं असतं. "तुमच्यातला दोष कोणता?" या प्रश्नाला "मी कामात फार गुंतून जातो" हे असंच पाठ केलेलं उत्तर. समोरच्यानं ते त्याच सकाळी चारदा ऐकलेलं असतं. "एखादा प्रसंग सांगा," एवढं म्हटलं, की गाडी अडते.

एकदा आम्ही आयटीआय झालेल्या उमेदवारांपुढे मायक्रोमीटर ठेवला. उत्तम गुणांच्या दोघांनी आकडा ठोकून दिला. दोघंही चुकले. तिसरा म्हणाला, "साहेब, व्हर्नियर वापरलाय, हा नाही. एकदा दाखवाल का?" दाखवल्यावर त्यानं तेच माप तीनदा घेतलं आणि मगच आकडा सांगितला. त्याच्या अर्जात एक वर्ष रिकामं होतं. विचारलं, तर म्हणाला, "वडील आजारी होते. शेती मी पाहिली." आम्ही त्याला घेतलं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागानंही जिथं माल नापास होतो, तिथं अंदाजानं बोलणारा माणूस महागात पडतो.

डॉ. अब्दुल कलाम यांनी 'अग्निपंख'मध्ये आपल्या मुलाखतींबद्दल लिहिलं आहे. डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत २५ उमेदवारांत त्यांचा क्रमांक नववा लागला. जागा होत्या आठ. पुढे हॉवरक्राफ्टवर काम करत असताना त्यांना रॉकेट अभियंत्याच्या पदासाठी मुंबईला बोलावणं आलं. समोर डॉ. विक्रम साराभाई आणि प्रा. एम. जी. के. मेनन होते. आपल्याला आज किती येतं, यापेक्षा आपल्या हातून पुढे काय होऊ शकेल, हे साराभाई पाहत आहेत, असं कलामांना जाणवलं. त्यांची निवड झाली. १९८० साली रोहिणी उपग्रह कक्षेत नेणाऱ्या एसएलव्ही-३ चे तेच प्रकल्प संचालक होते.

म्हणून प्रमाणपत्रं फडताळात टाका, असं मी म्हणत नाही. विजेच्या कामाला परवाना लागतोच. खरं बोलल्यानं कधी नोकरी हुकते, हेही मी पाहिलं आहे. घरातली प्रत्येक गोष्ट सांगायचीही गरज नाही. सांगाल ते मात्र खरं असावं. थाप मारून मिळवलेल्या जागेवर पहिल्याच दिवशी ते यंत्र समोर येतं, आणि मग विचारायचीही चोरी होते.

मुलाखत घेणाऱ्यांनाही एक विनंती. "माहीत नाही" म्हणणाऱ्याला लगेच बाहेरची वाट दाखवू नका. "मग कसं शोधाल?" असं विचारा. माणूस तिथं कळतो.

आणि मुलांनो, मुलाखतीच्या आदल्या रात्री एका कागदावर तीन रकाने आखा : येतं, थोडं येतं, येत नाही. तिसरा रकाना भरताना संकोचू नका. त्यातली कोणती गोष्ट आधी शिकणार, तेवढं मात्र ठरवून जा.