तळाची माती

ओझर म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक विमानं आणि दुसरी द्राक्षं. १९६४ साली इथे विमानांचा कारखाना आला. त्यात अब्बा फिटर होते, म्हणजे विमानांनी आमचं घर पोसलं. द्राक्षांनी सगळा निफाड तालुका पोसला. आज मला बोलायचंय ते मात्र दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा एका काचेच्या पेटीविषयी. द्राक्षं मध्ये येतील, पण जरा वेगळ्या वाटेनं.

दोन वर्षांपूर्वी अम्मीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तिचा पलंग आम्ही पुढच्या खोलीत, खिडकीशी आणून ठेवला. टीव्ही लावला की ती डोळे मिटून घेई. दिवस तर मोठा, तो जायचा कसा? कुणीतरी म्हणालं, मासे आणून ठेवा, बघण्यात वेळ जातो.

मी नाशिकला गेलो आणि तयार टाकी घेऊन आलो. तळाला निळे-गुलाबी खडे, प्लास्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारा पंप आणि चार गोल्डफिश. पंधरा दिवसांत चारही मेले. मासा मेला की अम्मी जागी व्हायच्या आत मी तो काढून टाकत असे. पण तिची मोजणी चुकत नसे. सकाळी डोळे उघडले की ती टाकीकडे बघायची आणि डाव्या हाताची बोटं वर करायची. तीन. मग दोन. मग एक. आजारी माणसापुढे मी हे काय मांडून ठेवलंय, असं वाटून मला माझीच लाज वाटली.

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीत संपला. तरी मासे का मेले हे शोधायला बसलो. कारण साधं निघालं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. जुन्या पाण्यात त्याचं रूपांतर करणारे जिवाणू असतात. नव्या टाकीत ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. माझे मासे तेवढे थांबू शकले नाहीत. प्लास्टिकची झाडं त्यांच्या काही उपयोगाची नव्हती. खरी झाडं असती तर त्यांनी तोच अमोनिया खत म्हणून पिऊन टाकला असता.

वाचता वाचता रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सापडली. त्यानं काचेच्या भांड्यात वाळू आणि चिखल घातला, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. झाडाची जुनी पानं कुजून पाणी बिघडू लागलं, तेव्हा ती खायला गोगलगायी सोडल्या. मग पाणी निवळलं. त्याचा हा निबंध १८५० सालचा. वीज नाही, पंप नाही. पुढे १९९९ साली डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन बाईंनी ‘इकॉलॉजी ऑफ द प्लँटेड अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की तळाला बागेतली साधी माती घाला, तिच्यावर वाळूचा थर द्या, पहिल्याच दिवशी भरपूर झाडं लावा आणि बाकीचं त्यांच्यावर सोपवा. पावसाळ्यात वीज गेली की आमचा पंप तासन् तास बंद असायचा. मला हे पटलं.

आता माती कुठली? निफाड तालुक्यात राहून मातीसाठी का हिंडायचं! शाळेपासूनचा एक मित्र द्राक्षबागायतदार आहे. त्याच्या बागेतून घमेलंभर काळी माती आणली. चाळली, पसरली, वाळू घातली, झाडं लावली. झाडांसोबत दुकानातून बारीक गोगलगायी आपसूक आल्या होत्या. मासे मी मुद्दामच सोडले नव्हते.

आठवड्यानं एका दुपारी अम्मीनं डावा हात टाकीकडे केला. मी बघितलं. काही दिसलं नाही. तिनं पुन्हा बोट केलं, जरा रागानंच. तेव्हा लक्षात आलं, सगळ्या गोगलगायी काच चढून पाण्याच्या रेषेशी येऊन चिकटल्या होत्या. तळाशी एकही नव्हती. दोन दिवसांत त्या एकेक करून खाली पडल्या आणि मेल्या.

मित्राला फोन केला. तो आधी हसला. म्हणाला, “अरे कवी, त्या बागेला मी वीस वर्षं बोर्डो मारतोय. डावणी काय फुकट आवरते?” बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबं. बुरशी मारणारं तांबं पावसानं वाहून संपत नाही, वर्षानुवर्षं मातीत साठत जातं. वेलीला ते चालून जातं. पण पाण्यातल्या गोगलगायीला थोडंसं तांबंही पुरतं, आणि मग पाळी माशांची. मित्र थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पुरता पंचवीस माणसं जेवतील एवढं देते रे ती बाग. तिला दोष नको देऊ.” मी दिला नाही. दोष माझा होता. माती म्हणजे नुसता आधार, असं मी धरून चाललो होतो. तिच्यात आजवर काय घातलं गेलंय हे विचारलंच नव्हतं.

मग मी आमच्या मागच्या अंगणाकडे वळलो. तिथे एक पेरूचं झाड आहे. लग्न होऊन आल्यावर अम्मीनं ते लावलं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी ती त्याच्याच बुंध्याशी ओतायची. त्या झाडावर कधी औषध मारलेलं नाही. पेरू पोपटांनी खाल्ले तरी तिला चालायचं. त्या बुंध्यापासून जरा दूरची माती मी काढली.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी पुढचं सविस्तर सांगतो. माती चाळायची. मुळ्या, काड्या आणि चुनखडीचे खडे वेचून टाकायचे, कारण चुनखडीनं पाणी आणखी जड होतं. बादलीत माती भिजवायची, वर तरंगेल ते ओतून द्यायचं, उन्हात वाळवायची. असं तीन-चार वेळा. त्यात युरिया नको आणि ताजं शेणखत तर नकोच; तोच अमोनिया परत येतो. तळाला मातीचा थर एक इंच, फार तर दीड. त्याहून जाड केला तर खाली हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. त्यावर स्वच्छ धुतलेल्या जाड वाळूचा एक इंच थर. माझ्या टाकीला सुमारे साडेचार लिटर माती आणि तेवढीच वाळू लागली. पाणी ओतताना वाळूवर ताटली ठेवायची आणि धार ताटलीवर सोडायची. नाहीतर काळी माती वर येते आणि दोन दिवस चहाच दिसतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं.

झाडं पहिल्या दिवशीच दाट लावायची. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि वर तरंगायला थोडी डकवीड. मातीतला पाला कुजतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो पानांना मिळतो. मुळं मातीत प्राणवायू सोडतात, त्यामुळे माती सडत नाही. दिवसाला आठ-दहा तास उजेड पुरे. पहिल्या महिन्यात दर दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी बदलायचं. आणि मासे सोडायची घाई करायची नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड आहे.

मी आधी गोगलगायी सोडल्या. त्या तळाशी राहिल्या. अम्मी रोज बघायची, मीही बघायचो. पाच आठवड्यांनी शेजारच्यांच्या हौदातून सहा गप्पी मासे आणले. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसं सोडतात ना, तेच. आमच्या बोअरच्या जड पाण्यात ते खुशाल राहतात. सुखोई डोक्यावरून गेलं की टाकीच्या पाण्यावर बारीक थरथर उठते. मासे क्षणभर पानांत शिरतात आणि परत येतात.

एक सांगायला हवं. वाढलेली झाडं आणि जास्त झालेले मासे बाणगंगेत किंवा कालव्यात सोडू नका. गोदावरीत माजणारी जलपर्णीसुद्धा कधीकाळी शोभेसाठीच या देशात आली होती. मी छाटलेली झाडं उन्हात वाळवून कुंडीत घालतो. टाकीतून काढलेलं पाणी पेरूच्या बुंध्याशी ओततो. बादली घेऊन मागच्या दाराकडे निघालो की अम्मी मान वळवून बघते. मी योग्य ठिकाणी ओततोय ना, हे तिला बघायचं असतं बहुतेक.

गेल्या महिन्यात गप्पींना पिल्लं झाली. पापणीच्या केसाएवढी. मोठे मासे त्यांना खातात म्हणून ती डकवीडच्या मुळांत लपून असतात आणि चष्मा लावूनही मला सापडत नाहीत. रोज सकाळी मी विचारतो, “अम्मी, आज किती?” आज तिनं डाव्या हाताची चारही बोटं आणि अंगठा वर केला. मला तीनच दिसली. तिनं हात खाली घेतला नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा मोजायला बसलो.