दरफलकामागचा हिशेब

दूरध्वनीच्या दरफलकावर छापलेला मिनिटाचा भाव आणि बोलण्याची खरी किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण ज्या मापाने बोलणे मोजले जाते त्या मापावर किंमत ठरते आणि हे माप, ज्याला दूरसंचाराच्या परिभाषेत ‘पल्स’ म्हणतात, ग्राहकाच्या नजरेत सहसा भरत नाही. छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौकातून पैठण गेटच्या दिशेने वळले की मोबाईलची दुकाने लागतात. तेथे रिचार्जसाठी थांबलेला वाळूजचा कामगार किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या गावातून शिकायला आलेला विद्यार्थी दुकानदाराने सुचवलेला प्लॅन घेतो आणि पुढे जातो, कारण हातात फोन असला तरी तुलनेचे साधन त्याच्याजवळ नसते. असे एक साधन साध्या संगणकात विनामूल्य मिळते. त्याला कमांड लाइन म्हणतात, आणि प्रस्तुत भाषणात त्याचेच विवेचन करावयाचे आहे.

प्रथम पल्स या शब्दाचा उलगडा आवश्यक आहे. ग्राहकाने स्वतः आकडे फिरवून परगावी फोन लावण्याची सोय, म्हणजेच एसटीडी, भारतात १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ या शहरांदरम्यान सुरू झाली. या पद्धतीत एका युनिटची किंमत ठरलेली असे आणि अंतर वाढले की त्या किमतीत मिळणारे सेकंद कमी होत. म्हणून क्रांती चौकातून जालन्याला केलेल्या फोनचे युनिट सावकाश पडत, तर मुंबईला केलेल्या फोनचे भराभर पडत. रात्री उशिरा दर उतरत असल्याने एसटीडीच्या बूथवर त्या वेळी रांगा लागत, हे त्या पिढीतील श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको. ठराविक काळाने मीटरला एक ठोका मिळणे म्हणजे पल्स, आणि ठोका पडल्यावर पुढचा एकच सेकंद बोलले तरी पुढच्या पूर्ण ठोक्याचे पैसे द्यावे लागतात, हे या हिशेबाचे मर्म होय. पुढे २००३ मध्ये मोबाईलवर येणारे फोन मोफत झाले, १ मार्च २००६ पासून भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी ‘वन इंडिया’ योजनेत देशभर मिनिटाला १ रुपया हा दर आणला, आणि २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला १ पैसा अशी आकारणी सुरू केली तेव्हा तर ठोकाच एका सेकंदाचा झाला.

कमांड लाइन म्हणजे पडद्यावरची चित्रे आणि बटणे न दाबता अक्षरांत आज्ञा टंकून संगणकाकडून काम करून घेण्याची रीत. या रीतीचा दूरध्वनीशी जन्मापासूनचा संबंध आहे, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्याजोगी वाटते. कारण तिला आजचे रूप देणारी युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत, म्हणजे अमेरिकेतील ए. टी. अँड टी. या दूरध्वनी कंपनीच्याच संशोधनसंस्थेत, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून आकारास आली. तेथेच डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून १९७३ मध्ये ‘पाइप’ आला, ज्यात एका आज्ञेचे उत्तर एका उभ्या रेघेच्या साहाय्याने थेट दुसऱ्या आज्ञेच्या हाती सोपवले जाते. आणि १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर व कर्निगन या तिघांनी आपल्या आडनावांची आद्याक्षरे जोडून ‘ऑक’ नावाचे साधन तयार केले. ओळीमागून ओळ वाचावी, प्रत्येक ओळीचे रकाने पाडावेत आणि त्या रकान्यांवर गणित करावे, एवढेच ऑक करते, पण दरांच्या तुलनेला एवढेच पुरेसे असते.

या कामासाठी दोन साध्या फाइली लागतात. पहिल्या फाइलीत प्रत्येक प्लॅनची एक ओळ असते आणि तिच्यात प्लॅनचे नाव, पल्सचे सेकंद आणि एका पल्सचे पैसे असे तीन रकाने असतात. दुसऱ्या फाइलीत घरातून झालेल्या प्रत्येक फोनचे सेकंद एकाखाली एक लिहिलेले असतात. सूत्र असे की फोनच्या सेकंदांत पल्सच्या सेकंदांपेक्षा एक कमी इतकी संख्या मिळवावी, आलेल्या बेरजेला पल्सने भागावे आणि अपूर्णांक सोडून द्यावा. ६५ सेकंदांच्या फोनला ६० सेकंदांची पल्स असेल तर ६५ आणि ५९ मिळून १२४ होतात, त्यांना ६० ने भागून २ पल्स येतात. आणि फोन नेमका ६० सेकंदांचा असेल तर याच सूत्राने १ पल्स येते.

समजा, एका प्लॅनमध्ये ६० सेकंदांच्या पल्सला ५० पैसे पडतात आणि दुसऱ्यात सेकंदाला १ पैसा. फलकावर पहिला स्वस्त दिसतो, कारण मिनिटाला ५० पैसे हे ६० पैशांपेक्षा कमीच. पण रिक्षाचालकाचे दिवसातले तीन फोन २०, ६५ आणि १८५ सेकंदांचे असतील तर पहिल्या प्लॅनमध्ये १, २ आणि ४ अशा ७ पल्स होऊन ३ रुपये ५० पैसे लागतात, तर दुसऱ्यात एकूण २७० सेकंदांचे २ रुपये ७० पैसेच होतात. उलट पुण्याला शिकणाऱ्या लेकीशी आई सलग १० मिनिटे बोलत असेल, तर पहिल्यात ५ रुपये आणि दुसऱ्यात ६ रुपये लागतात. दर तेच, प्लॅन तेच, तरी उत्तर फिरले, आणि ते फिरले बोलण्याच्या सवयीमुळे. म्हणून जाहिरातीवरून केलेली तुलना अपुरी असते, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा फरक पैशांचा म्हणून क्षुल्लक मानणे अन्यायाचे आहे.

ऑकने काढलेल्या बेरजा पाइपमधून ‘सॉर्ट’ या आज्ञेकडे दिल्या की त्या चढत्या क्रमाने लागतात. मात्र सॉर्ट मुळात अक्षरांचा क्रम पाहते, त्यामुळे १००, २० आणि ९ हे आकडे ती याच क्रमाने लावते आणि सर्वांत महाग प्लॅन सर्वांत वर येऊन बसतो. ‘एन’ हे अक्षर जोडून हे आकडे आहेत असे तिला सांगावे लागते. कराचाही असाच घोटाळा होतो, कारण प्रीपेडच्या छापील किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तर पोस्टपेडचा आकडा बहुधा कराशिवाय सांगितला जातो, आणि ३९९ रुपयांचे बिल प्रत्यक्षात ४७० रुपये ८२ पैशांचे होते.

परदेशच्या दरांत आणखी एक अडचण येते. तेथे दर क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ठरतो. ब्रिटनसाठी ४४, पण तेथील मोबाईलसाठी ४४७, आणि अमेरिकेसाठी १ असला तरी १८७६ ने सुरू होणारा क्रमांक जमैकाचा असतो. त्यामुळे दरपत्रकात क्रमांकाशी जास्तीत जास्त लांबीपर्यंत जुळणारी ओळ शोधावी लागते. ऑकला क्रमांकाचे पहिले सात आकडे घेऊन पाहावयास, न सापडल्यास सहा, मग पाच असे मागे येण्यास सांगितले की ती ओळ हाती लागते. दुबई वा न्यू जर्सीत नातलग असलेल्या मराठी घरांना हा भाग विशेष उपयोगाचा आहे.

देशांतर्गत फोन आज बहुतेक प्लॅनमध्ये अमर्याद असल्याने तुलना सेकंदांवरून दिवसांवर सरकली आहे. २८ दिवसांचा प्लॅन महिन्याचा वाटतो, पण वर्षाला त्याचे १३ रिचार्ज करावे लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवावा असे बंधन घातले, त्यामागे ही तक्रार होती. इंटरनेट न वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी केवळ बोलणे आणि संदेश यांचे वेगळे व्हाउचर द्यावे, असा नियमही ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केला. किमतीला दिवसांनी भागण्याचे काम तीच ऑक एका ओळीत करते, आणि कंपन्यांचे दर एकत्र पाहण्यासाठी ट्रायने २०१८ मध्ये संकेतस्थळ सुरू केले आहे, तेथून पहिल्या फाइलीचे आकडे भरता येतात. दुसरी फाइल फोनमधील कॉलयादीवरून तयार होते. शिवाय प्रीपेड ग्राहकालाही आपल्या वापराचा तपशील मागण्याचा हक्क २०१२ च्या ग्राहक संरक्षण विनियमांनी दिला आहे. एकदा या दोन फाइली झाल्या की नवा प्लॅन आल्यावर दरांच्या फाइलीत एक ओळ वाढवून तीच आज्ञा पुन्हा चालवावी, आणि शेजारच्या घराची कॉलयादी मिळाली तर दरांना हात न लावता तीही त्याच आज्ञेला द्यावी. त्या घरासाठी यादीच्या माथ्यावर येणारे नाव कदाचित दुसरेच असेल.