चालणाऱ्यांची वर्गणी



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्याच्या फाटकावर झाले. लहान मुलांच्या मधुमेहावर डॉक्टरांनी बोलावे. ते आमचे काम नव्हे. पण तीस वर्षे आम्ही कामगारांकडून वर्गणी गोळा करीत आलो आहोत, आणि आजचा विषय शेवटी वर्गणीचाच आहे.

आमच्या एका सभासदाची नऊ वर्षांची मुलगी एकाएकी वाळू लागली. सारखी तहान, सारखी लघवी. मधुमेह निघाला. आईने डोळ्याला पदर लावून विचारले, ‘मी लाडू खाऊ घातले म्हणून झाले का?’ डॉक्टरांनी सांगितले, नाही. शरीराची राखण करणारी शक्तीच उलटते आणि स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी मारून टाकते. यात गोडाचाही दोष नाही आणि आईचाही नाही. मात्र रोज अनेकदा इन्शुलिन टोचावे लागते, आणि ते जन्मभर.

आम्ही त्या माउलीला म्हणालो, या रोगाच्या संशोधनासाठी निधी जमवू; परदेशात लोक त्यासाठी चालतात. ती म्हणाली, ‘दादा, संशोधनाला दहा वर्षे लागतील. माझ्या पोरीची सुई उद्या सकाळची आहे. तुम्ही कोणासाठी चालणार?’ आम्ही निरुत्तर झालो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत आज येथवर आलो आहोत.

चालणे आपल्याला नवे नाही. आळंदीहून पंढरीला पिढ्यान्‌पिढ्या माणसे चालत जातात. पण चालण्यावर पैसा उभा करण्याची रीत अमेरिकेत रुजली. तेथे 1970 साली अशा मुलांच्या आईबापांनीच एक संस्था काढली. 2024 पासून तिचे नाव ‘ब्रेकथ्रू टी वन डी’ असे आहे. मुलाच्या नावाने घरची, शेजारची, कामावरची माणसे जथा करतात. प्रत्येक जण ओळखीच्यांकडे वर्गणी मागतो आणि ठरल्या दिवशी सारे मिळून काही मैल चालतात. मैलांनी रोग बरा होत नाही, हे त्यांनाही कळते. पण मागणाऱ्याला मागण्याचे निमित्त मिळते, देणाऱ्याला ते मूल डोळ्यांनी दिसते. आणि आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की कोणत्या संशोधनाला पैसा द्यावा याच्या विचारात तेथे शास्त्रज्ञांबरोबर रोगी आणि पालकही बसतात. ज्याची वर्गणी, त्याचा आवाज. आमच्या युनियनचा पहिला नियम हाच!

आता फळ काय, ते पाहा. संस्थेने ज्या संशोधनांना हात दिला, त्यांपैकी एक टेप्लिझुमॅब हे औषध. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 76 माणसे होती, त्यांत बहुतेक मुले. रोगाची चाहूल लागलेल्यांमध्ये या औषधाने तो सुमारे दोन वर्षे लांबविला. 2022 साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. दोन वर्षे म्हणजे काय मोठेसे, असे ज्याला वाटेल त्याने दोन वर्षांतल्या सुया मोजाव्या. पण हे औषध फार महाग आहे. येथेच आम्ही थबकतो.

कारण 1922 च्या जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सनला इन्शुलिन टोचले गेले आणि मरणाच्या दारातला मुलगा परत आला. पुढल्या वर्षी बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपले पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. त्याच इन्शुलिनची किंमत अमेरिकेत पुढे एवढी चढली, की शंभर वर्षांनंतरही तेथे माणसे डोस काटकसरीने घेत होती. लोकांच्या ओरडीनंतर 2023 साली मोठ्या कंपन्यांनी भाव उतरविण्याचे जाहीर केले. शोध लागणे ही अर्धी लढाई. तो शोध गरिबाच्या घरी पोचणे ही उरलेली अर्धी. पहिली जिंकून दुसरी हरलो, तर आमच्या सभासदाच्या मुलीला त्या विजयाचा काय उपयोग?

म्हणून त्या माउलीला आमचे उत्तर असे: दोघांसाठीही चालू, पण पैसा एका पेटीत टाकणार नाही. आम्ही दोन पावतीपुस्तके छापली आहेत. पांढरे इन्शुलिन, सुया आणि साखर तपासण्याच्या पट्ट्यांसाठी, पिवळे संशोधनासाठी. कोणती पावती हवी, ते देणाऱ्याने सांगावे. एका पुस्तकातला रुपया दुसऱ्यात जाणार नाही. पांढऱ्या पुस्तकाचा हिशेब ती माउली स्वतः ठेवणार आहे. आणि पिवळ्या पुस्तकाचा पैसा ज्यांना देऊ, त्यांना आधी विचारू: बाबांनो, तुमचे औषध निघाले तर ते आमच्या चाळीत कोणत्या भावाने येईल?

उन्हाळा आहे, म्हणून पहाटेच निघू. ज्यांना चालवत नाही त्यांनी दारात उभे राहावे; तेही चालल्यासारखेच. दहा रुपये देणाऱ्यालाही पावती मिळेल, आणि दोन्ही पुस्तकांचा जमाखर्च पुढल्या वसंतात याच व्यासपीठावरून वाचून दाखवू. नाही दाखविला, तर आम्हांला बोलू देऊ नका.