भामिनी मला का आवडते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार बायकांसमोर उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावात शाळाच तेवढी होती. पुढे शिकायचे तर कोरेगावला जावे लागे, आणि मुलीला कोण पाठवणार? तेव्हा बोलण्यात कुठे चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

मंडळात आधी मी येतच नव्हते, हे तुम्हांला ठाऊक आहे. अध्यक्षीणबाई पहिल्यांदा घरी बोलवायला आल्या, तेव्हा मी काय म्हणाले ते त्यांच्या लक्षात असेलच. "मला घरची कामे आहेत, मी काही रिकामी नाही," असे मी तोऱ्यात सांगितले. खरे कारण वेगळे होते. मंडळात आळीपाळीने वाचून दाखवावे लागते असे मी ऐकले होते, आणि शिकलेल्या बायकांपुढे मोठ्याने वाचायची मला धास्ती होती. ती झाकायला मी गर्वाचा पदर ओढला. आजचा माझा विषय हाच आहे. गर्विष्ठ, चुकणारी, तोंडाने फटकळ अशी बाई नाटकात आपल्याला इतकी का आवडते?

हा विषय सुचला तो माझ्या मुलीमुळे. ती मोबाईलवर कसलासा लढाईचा खेळ खेळते. त्यात एक बाई आहे, हातात तलवार आणि नाक वर. दर वेळी मुलगी तिलाच निवडते. मी म्हटले, "अगं, दुसऱ्या चांगल्या दिसताहेत की. हिला तर केवढा गर्व!" ती म्हणाली, "आई, म्हणूनच. चांगल्या बाईचं पुढं काय होणार हे आधीच कळतं." मी तेव्हा हसले, पण रात्री भांडी घासताना तेच शब्द डोक्यात घोळत राहिले. आणि आठवली ती आमच्या सासूबाईंची लाडकी भामिनी.

आपण सांगलीकर. नाटकाचे वेड आपल्या पाण्यातच आहे असे म्हणतात. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते याच गावात, आणि तोच दिवस आपण दरवर्षी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल आपल्या हरिपूरचे. 'मानापमान' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा जन्म १८७२ साली सांगलीतच झाला. आणि भामिनीचे काम ज्यांनी पहिल्यांदा केले ते बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, पलूसजवळच्या नागठाण्याचे. तेव्हा भामिनी ही आपल्याच घरची लेक म्हणायला हरकत नाही.

'मानापमान' पहिल्यांदा रंगभूमीवर आले १२ मार्च १९११ रोजी, मुंबईला, किर्लोस्कर नाटक मंडळीतर्फे. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती. तरी प्रेक्षकांचा विरस नको म्हणून ते तोंडाला रंग लावून उभे राहिले आणि त्यांनी ती हसरी, तोरेबाज भामिनी उभी केली. सासूबाई ही गोष्ट सांगत तेव्हा दर वेळी त्यांचा आवाज कापे.

कथा थोडक्यात सांगते. भामिनी श्रीमंत बापाची लाडकी मुलगी. वडिलांच्या मनात तिला धैर्यधराला द्यायचे आहे. धैर्यधर शूर सेनापती, पण संपत्तीच्या नावाने शून्य. भामिनी त्याला झिडकारते. तिला हवा श्रीमंत लक्ष्मीधर, आणि तो आतून पुरता भित्रा. धैर्यधरही मानी, त्याला तो अपमान झोंबतो. मग भामिनी दागिने उतरवून, वनमाला या नावाने, साध्या गरीब मुलीच्या वेषात त्याच्या छावणीत राहते. तिथे तिला माणसाची खरी पारख होते, आणि ज्याला झिडकारले त्याच्याचवर तिचे मन जडते.

आता मला सांगा, यात भामिनी चांगली कुठे वागली? गरिबाला हिणवले, पैशाला भुलली, वडिलांचे ऐकले नाही. तरीसुद्धा शंभरावर वर्षे लोक तिच्यासाठी तिकीट काढत आले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले, त्याची आठवण लोक अजून काढतात. २०२५च्या जानेवारीत त्याच कथेवर मराठी चित्रपट आला, तो मी मुलीबरोबर पाहिला. माझ्या शेजारी कॉलेजातल्या मुली बसल्या होत्या, त्यासुद्धा भामिनीच्या तोऱ्यावर खूश होत्या.

याचे पहिले कारण मला असे वाटते की, भामिनी 'नाही' म्हणते. देवलांची 'शारदा' आली १८९९ साली. त्यात कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतात, आणि तिला विचारतो कोण? त्यानंतर बाराच वर्षांनी खाडिलकरांची भामिनी बापाच्या तोंडावर सांगते की हा नवरा मला नको. कारण चुकीचे का असेना, पण तिचे तोंड उघडते. आपल्यापैकी कितीजणींना दाखवण्याच्या वेळी कोणी विचारले होते? मी तर पोह्यांची बशी ठेवली आणि मान खाली घालून आत गेले. घरधनी भले निघाले हे माझे नशीब. पण भामिनीला बोलताना पाहून आपल्यातली गप्प बसलेली मुलगी सुखावते, हे खरे आहे.

दुसरे कारण. गर्व हा दुर्गुण खरा, पण ज्या खाणीतून तो निघतो त्याच खाणीतून हिंमतही निघते. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. आमच्याकडे ताराबाईसाहेबांच्या गोष्टी सांगतात. तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची ही लेक. १७०० साली राजाराम महाराज गेले, पदरात लहान मुलगा, समोर औरंगजेब. ही बाई सात वर्षे हटली नाही. अखेर १७०७ साली बादशहाच दक्षिणेत मेला. आणि हीच बाई १७५० साली, आपणच नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजाला सातारच्या किल्ल्यावर कैदेत घालून बसली. हट्ट तोच. एकदा त्याने राज्य राखले, एकदा घर फोडले. म्हणून मला वाटते की, मानी बाईचा मान मोडून काढू नये, त्याला वळण लावावे.

पुराणातली सत्यभामाच घ्या. रुक्मिणीला आपण हात जोडतो. पण कीर्तनात पारिजातकाचे आख्यान लागले की बायका सरसावून बसतात त्या सत्यभामेसाठी. झाड हिच्या दारात, फुले पडतात सवतीच्या अंगणात, आणि हिचा होतो जळफळाट. रुक्मिणीला देव्हाऱ्यात बसवावे, पण दुपारी दळण निवडताना गप्पा मारायला सत्यभामाच बरी.

तिसरे कारण सांगायचे तर मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. ती सांगू की नको, याचा मी आठ दिवस विचार केला.

२०११ सालच्या भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ गावाहून एस.टी.ने सांगलीला आला. पिशवीत वाघ्या घेवडा आणि माझ्यासाठी एक सुती साडी. त्याच दिवशी माझ्या जाऊबाईंच्या भावाने त्यांना भारी साडी आणली होती. सगळे बसले होते. मला कशी कोण जाणे, लाज वाटली. मी साडीची घडीसुद्धा मोडली नाही. म्हणाले, "असली साडी इथे कोण नेसतं रे? धुणंवालीला देऊन टाकते." तो काही बोलला नाही. जेवला, "बरं अक्का, येतो," म्हणाला आणि गेला. पुढे आठ वर्षे तो आमच्या उंबऱ्याला लागला नाही. दर भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळले आणि लोकांना सांगितले की, त्याला शेतीतून सवड होत नाही. मनात कळत होते, पण फोन करायला हात उचलत नव्हता. चूक माझी, आणि रुसून बसलेलीही मीच.

मग आला ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाखाली धोक्याची खूण ४५ फुटांची, आणि पाणी गेले ५७ फुटांवर. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते दिवस भोगले आहेत. आम्ही नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडलो. भावाला कोणी कळवले देव जाणे. तो विट्याकडून फिरून आला, मला आणि मुलीला घेऊन गावी गेला. भावजयीने ट्रंकेतून आपली ठेवणीतली साडी काढली आणि म्हणाली, "वन्सं, हे नेसा. अंगावरचं ओलं आहे." त्या घरात मी पंधरा दिवस तिच्या साड्या नेसले, तिच्या चुलीपुढे बसले. बोलता बोलता तिच्याकडूनच कळले की, त्या वर्षी घेवड्याचे जे पैसे आले त्यातून एकच साडी घेता आली होती. ती तिनेच माझ्यासाठी निवडली, आणि स्वतः जुन्यावर दिवाळी केली.

त्या वर्षी राखीपौर्णिमा १५ ऑगस्टला होती. मी देवघरातला दोरा घेतला, भावाच्या हाताला बांधला आणि म्हणाले, "माझं चुकलं रे." तो थोडा वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "अक्का, धुणंवालीला आवडली का ती साडी?" भगिनींनो, मला उत्तर देता आले नाही, कारण मी ती खरोखरच देऊन टाकली होती. तो रागाने बोलला की थट्टेने, हे मला आजही कळलेले नाही. पण पुढच्या भाऊबीजेला तो आला.

सांगलीला परत आल्यावर, गाळ काढता काढता, एके दिवशी भामिनी आठवली. दागिने उतरवून दुसऱ्याच्या छावणीत राहिल्याशिवाय तिचे डोळे उघडले नाहीत. माझे दागिने कृष्णामाईने उतरवले, एवढाच फरक. आणि तेव्हा मला कळले की सासूबाईंना ती का आवडत होती. जिच्या हातून काहीच चुकत नाही, तिच्याकडे आपण खालून वर पाहतो. भामिनी चुकते, म्हणून ती आपल्या शेजारी बसते. आणि चुकूनही तिला परत फिरता येते, हे पाहून आपल्याला धीर येतो.

आणखी एक सांगते. वनमाला होऊन भामिनी गोगलगाय होत नाही. तिचा मान शेवटपर्यंत शाबूत राहतो. फक्त आधी तो पैशाचा होता, नंतर माणसाचा झाला.

काहीजणी म्हणतील, लेकीसुनांपुढे असले दाखले देऊ नयेत, त्या डोक्यावर बसतील. त्यांना उत्तर म्हणून गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. माझ्या मुलीला एक स्थळ आले. मुलगा शेती करणारा, सरळ. आजकाल आपल्याकडे शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत, हे तुम्ही जाणताच. मुलीने नकार दिला. तो देण्याचा तिला पूर्ण अधिकार होता, आणि मी तिच्या बाजूने उभी राहिले. पण ती म्हणाली, "शेण काढायला मी जन्माला आले नाही," आणि हे त्या मुलाची आई समोर बसलेली असताना. त्या माउलीचा चेहरा पाहिला आणि मला माझा भाऊ आठवला.

पाहुणे गेल्यावर मी मुलीला साडीची सारी हकीकत सांगितली. ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. मग मी म्हटले, "तुझा नकार तू मागं घेऊ नकोस. पण ते शब्द माघारी घे. मी आठ वर्षं लावली, तू आठ दिवस लाव." तिने तिसऱ्या दिवशी त्या बाईंना फोन केला. दार लावून घेतले होते, त्यामुळे काय बोलली ते मला माहीत नाही, आणि मी विचारलेही नाही.

भगिनींनो, आपल्या मुलींना मान खाली घालायला शिकवण्यात आपले पुष्कळ आयुष्य गेले. आता त्यांची मान ताठ होत आहे, ती तशीच राहू द्या. फक्त ताठ मानेनेही माणसाकडे नीट पाहता येते, एवढे आपण त्यांना सांगू या. आणि चुकल्या तर परत यायला घराचे दार उघडे ठेवू या, जसे माझ्या भावजयीने ठेवले.