आधी वाचक, मग पुस्तक



कादंबरी लिहून तयार आहे,
पण प्रकाशक मिळत नाही.
मग काय करायचं?

अमेरिकेतल्या अँडी वीअर यांचं उदाहरण ऐका.
पेशाने ते संगणक प्रोग्रॅमर.
मंगळावर एकटाच अडकलेल्या अंतराळवीराची गोष्ट त्यांनी लिहायला घेतली.
एकेक प्रकरण ते आपल्या संकेतस्थळावर टाकत.
तेही फुकट!
वाचक त्यातल्या विज्ञानाच्या चुका दाखवत.
वीअर त्या दुरुस्त करत.

पुढे वाचकच म्हणू लागले, किंडलवर द्या ना!
२०११ साली ‘द मार्शियन’चं ई-बुक निघालं.
किंमत, एका डॉलरहूनही कमी.
ते हातोहात खपलं.
मग प्रकाशक आपणहून आले.
२०१५ साली त्यावर चित्रपटही आला.

लक्षात घ्या,
आधी वाचक जोडले, मग पुस्तक विकलं.

ई-बुक काढणं आज अवघड नाही.
मराठीतही काढता येतं.
पण मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, जाहिरात,
सगळं लेखकाच्याच अंगावर येतं.

म्हणून पुन्हा सांगते, आधी वाचक जोडा.
पहिलं प्रकरण चार चोखंदळ वाचकांना द्या.
ते काय म्हणतात, ते नीट ऐका.
आणि मगच पुस्तक बाजारात आणा.