हंगामाची सबब



कपाशी वेंचून घरीं आली म्हणजे धरणगांवच्या मुलुखांत जिनांची धडधड सुरू होते. हंगाम थोड्या महिन्यांचा. माल पडून राहिला तर मालकाचें नुकसान. या सबबीवर खानदेशांतील जिनांत पूर्वीं मजुरांकडून किती काम घेतलें जात असे, तें मुंबई सरकारनें 1884-85 सालीं नेमलेल्या चौकशी मंडळापुढील साक्षींत नमूद आहे. पहाटे चारला कामावर यावयाचें, रात्रीं दहाला सुटावयाचें. गर्दीच्या दिवसांत तींच माणसें, त्यांत बायकाही, आठ-आठ दिवस अहोरात्र राबत. मजुरी तीन-चार आणे. 1881 चा कायदा होता. परंतु शंभरांहून कमी मजुरांचे व चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यांतून वगळले होते.

मुंबईच्या गिरणी-कामगारांस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें 1890 सालीं रविवार मिळाला. जिनांतील मजुरांचा वनवास अधिक लांबला. 1934 च्या कायद्यानेंही बारमाही कारखान्यांस आठवड्याला 54 तास ठरविले, तर हंगामी कारखान्यांस 60. हा भेद जावयास 1948 साल उजाडावें लागलें.

ही जुनी हकीगत आज सांगण्याचें कारण असें कीं, आपल्याकडील मुलें आतां पुण्यास संगणकाच्या नोकरीला जातात, आणि संगणकावर खेळावयाचे खेळ, ज्यांस व्हिडिओ गेम म्हणतात, ते तयार करणें हाही तेथें एक धंदा आहे. एकेका मोठ्या खेळावर शेंकडों माणसें कित्येक वर्षें खपतात. विक्रीची तारीख जवळ आली कीं जादा तासांचा जो रेटा सुरू होतो, त्यास त्या धंद्यांत ‘क्रंच’ म्हणतात. आपल्या भाषेंत तो हंगामच. पण कपाशीचें बोंड कधीं फुटावें हें कोणाच्या हातीं नसतें. खेळाची तारीख मात्र कचेरींत बसून माणसेंच ठरवितात, आणि त्यांचा अंदाज चुकला तर त्याची भरपाई दुसऱ्याच्या झोंपेंतून होते.

अमेरिकेंत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनींतील एका नोकराच्या वाग्दत्त वधूनें 2004 सालीं निनांवी पत्र प्रसिद्ध केलें. सकाळीं नऊ ते रात्रीं दहा, आठवड्याचे सातही दिवस काम. जादा मोबदला नाहीं, बदली रजा नाहीं. पुढें नोकरांच्या दाव्यांत कंपनीस तडजोडीनें सुमारें तीन कोटि डॉलर द्यावे लागले.

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीनें जादा कामाची सक्ती करणार नाहीं असें 2019 सालीं सांगितलें, आणि सप्टेंबर 2020 मध्यें सहा दिवसांच्या आठवड्याचा हुकूम काढला. डिसेंबरांत ‘सायबरपंक 2077’ बाजारांत आला, तो इतका सदोष कीं आठवड्याभरांतच सोनी कंपनीनें तो आपल्या दुकानांतून काढला व गिऱ्हाइकांस पैसे परत देऊं केले. जादा तासांमुळेंच असें झालें, असें मी म्हणत नाहीं. पण जादा तासांनीं तें टळलें नाहीं, हें खरें. रात्रभर जागून परीक्षेस बसलेल्या मुलाची उत्तरपत्रिका ज्यानें तपासली आहे, त्या मास्तरास याचें नवल वाटणार नाहीं.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकानें व आस्थापना कायद्यानें रोज नऊ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली आणि त्यापुढील कामास दुप्पट दर ठेविला. मात्र व्यवस्थापक, देखरेख करणारे वगैरेंस त्यांतून वगळलें. म्हणजे पंचविशींतल्या पोराच्या हाताखालीं दोन माणसें देऊन त्यास मोठें नांव बहाल केलें, कीं वाद उभा राहतो. शिवाय जिनाचा भोंगा झाला म्हणजे काम सुटलें, हें साऱ्या गांवास कळत असे. येथें यंत्रच पिशवींत घालून घरीं येतें. रात्रीं अकराला केलेलें काम कोणत्या हजेरीपटावर चढतें?

रोजचे तास नवावरून दहा आणि तिमाहींतील जादा तास 125 वरून 144 करण्यास मंत्रिमंडळानें सप्टेंबर 2025 मध्यें मान्यता दिली. जादा तासांची मर्यादा वाढविणाऱ्यांनीं, ते तास कोण मोजतो, हें आधीं पाहावयास हवें होतें. आपणही सुटींत घरीं आलेल्या मुलास पगार विचारतों. कितीला सुटतोस, तें मात्र विचारीत नाहीं.