बाजार अनिश्चित, भुर्दंड निश्चित



बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही तेथे रेल्वे नाही. मुंबई–नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा घाटाखालूनच निघून जातो. घाटावरचे चिखली, मेहकर, सिंदखेड राजा हे तालुके खामगाव–जालना मार्गाची पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहत आहेत. सोयाबीनची पोती असोत, खत असो वा आजारी माणूस, सर्वांचा भार पेट्रोल-डिझेलवर. म्हणून इंधनाचा भाव हा तेथे मोटारवाल्यांचा नव्हे, कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न आहे.

भाव वाढला की सत्ताधारी आंतरराष्ट्रीय बाजाराकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे. गरजेच्या चार पंचमांशांहून अधिक खनिज तेल भारत आयात करतो. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच तेल चौपट महागले. २०२२ साली युक्रेनच्या युद्धाने पुन्हा भडका उडवला. या अनिश्चिततेवर दिल्लीची सत्ता चालत नाही. पण दुसरी अनिश्चितता दिल्लीतच जन्मते.

जून २०१०मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. बाजार चढला तर भाव चढेल, उतरला तर उतरेल, हे त्यामागचे तत्त्व. प्रत्यक्षात काय घडले? २०१४च्या मध्यास शंभर डॉलरांवर असलेले तेल जानेवारी २०१६मध्ये तीस डॉलरांखाली आले. त्याच काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. पेट्रोलवरचे शुल्क लिटरमागे ९.४८ रुपयांवरून २१.४८ रुपयांवर गेले. महामारीत तेल कोसळले, तेव्हा मे २०२०मध्ये ते ३२.९८ रुपये झाले. उतरत्या बाजाराचा लाभ तिजोरीने घेतला, चढत्या बाजाराचा भार ग्राहकावर पडला.

जून २०१७पासून रोज बदलू शकणारा भाव नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ असे साडेचार महिने गोठून राहिला. तेल शंभरी ओलांडत होते आणि पाच राज्यांत निवडणुका होत्या. निकालानंतर काही दिवसांतच दरवाढ सुरू झाली. मतपेटीला भिणारा बाजार मुक्त कसा म्हणावा?

महामारीत सरकारला पैसा हवा होता, हे मान्य. परंतु वाढीचा मोठा हिस्सा उपकर व विशेष शुल्काच्या रूपाने आला, ज्यात राज्यांना वाटा नसतो. राज्यही मागे नव्हते. २०१५ साली महाराष्ट्राने दुष्काळनिवारणासाठी इंधनावर लिटरमागे २ रुपये वाढवले. म्हणजे दुष्काळाने होरपळलेल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरताना स्वतःच्याच मदतीची वर्गणी दिली!

चढलेला खर्च खाली उतरत नाही, ही खरी मेख आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये एसटीचे भाडे १७.१७ टक्क्यांनी वाढले. पुढच्याच महिन्यात डिझेलवरील शुल्क १० रुपयांनी घटले. भाडे मात्र घटले नाही. वाहतूकदार दर वाढवून घेतो, व्यापारी किंमत वाढवतो. सोयाबीनवाल्याला तो मार्ग नाही: हमीभाव वर्षातून एकदा जाहीर होतो आणि बाजार समितीत भाव दुसराच ठरवतो. सर्वांची अनिश्चितता अखेर त्याच्या खळ्यावर येऊन पडते.

यावर उपाय म्हणून फुकट तेलाची मागणी कोणी करीत नाही. तेल चढले की कर किती उतरेल आणि तेल उतरले की ग्राहकाला किती मिळेल, याचा नियम संसदेने आधीच लिहून ठेवावा, उपकरात राज्यांना वाटा द्यावा आणि घाटावर रेल्वे न्यावी. बाजाराची लहर कोणी थोपवू शकत नाही. सरकारची लहर थोपवणे लोकशाहीत अशक्य नसावे.